जुनी आर१५ रेसला न्यायचीय? मग बोर किट राहू दे

वाकडहून एका वाचकाचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, थोडक्यात देतो.

"दादा, माझ्याकडे २०१२ ची यामाहा आर१५ व्ही२ आहे, पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्ते भरून घेतलेली. ५८ हजार किमी झालेत. आता ऑफिसला कारने जातो त्यामुळे गाडी पार्किंगमध्ये कव्हरखालीच असते. वय ३७. कॉलेजपासून रेसिंग डोक्यात होतं पण तेव्हा पैसे नव्हते. आता चेन्नईच्या ट्रॅकवर नोव्हिस, म्हंजे नवख्यांच्या क्लासमध्ये एकदा तरी उतरायचंच आहे. गॅरेजवाला म्हणतो बोर किट, म्हंजे ६२ मिमीचा मोठा पिस्टन टाकून देतो, मग तुला कुणी पकडत नाही. मित्र म्हणतात ही विकून सेकंडहँड केटीएम आरसी ३९० घे. बायको म्हणते आता हे काय नवीन काढलंस. रविवारी पहाटे ताम्हिणीत प्रॅक्टिस सुरू केलीये. पुढे काय करू?"

मित्रा, सगळ्यात आधी ताम्हिणी बंद कर. या रविवारपासूनच. सार्वजनिक रस्त्यावर स्पीडची ट्रायल करणं मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे हे तर आहेच, पण मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. वळणाच्या पलीकडून एसटी येतेय की म्हशी बसल्यात की कालच्या पावसाने खडी वाहून आलीये हे तुला दिसत नाही, आणि पडलास तर मागच्याला झेंडा दाखवणारं कुणी नाही, ॲम्ब्युलन्सला फोन लावायला रेंजही नाही. आणि समजा काहीच झालं नाही तरी तिथे तू शिकतोयस ते ट्रॅकवर उपयोगाचं नाही. ट्रॅकवर तेच वळण दर दोन मिनिटांनी परत येतं, त्यामुळे ब्रेक या खुणेवर लावला, आता जरा पुढे लावून बघू, असं करत करत माणूस शिकतो. घाटात प्रत्येक वळण नवीन, त्यामुळे तिथे फक्त धाडस वाढतं, हात सुधारत नाही.

आता गाडीचं. विकू नको. आरसी ३९० भारी गाडी आहे, आपल्या चाकणमध्येच बनते, पण ४३ पीएस घेऊन पहिल्यांदा ट्रॅकवर गेलेला माणूस वळणात केलेली चूक सरळ पट्ट्यावर ॲक्सिलरेटर पिळून भरून काढतो आणि त्याला वाटतं आपण फास्ट आहोत. आर१५ तशी सोय देत नाही. साडेआठ हजार आरपीएमला १७ पीएस, संपला विषय, त्यामुळे वळणात जो स्पीड गमावलास तो पुढचा सगळा पट्टा तुला जाणवत राहतो. शिकायला याच्यापेक्षा चांगली गोष्ट नाही. वर डेल्टाबॉक्स फ्रेम, पेट्रोल भरून १३६ किलो वजन, टायर आणि ब्रेक पॅड मोठ्या गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि पडल्यावर लागणारा लिव्हर, फूटरेस्ट, क्लिप-ऑन हँडल हे सगळं पुण्यात कुठल्याही स्पेअर्सच्या दुकानात मिळतं. २००८ ला आर१५ आली तेव्हापासून आपल्याकडे किती रेसर तिच्यावर घडलेत. कंपनीने हिची वन-मेक रेसही (सगळ्यांना एकच मॉडेल) चालवली, आणि जुन्या आर१५ अजूनही पॅडॉकमध्ये, म्हंजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथे, दिसतात, त्यामुळे तिथे कुणाला तरी हिची नस माहीत असतेच.

पण एक प्रश्न तुला विचारायलाच हवा, आणि उत्तर घाईत देऊ नको. ही पहिल्या पगाराची गाडी आहे. ती खडीत आडवी पडलेली, फेअरिंग फुटलेली, टाकीला पोचा आलेली तुला बघवेल का? कारण शिकताना माणूस पडतो, कधी पडेल एवढाच प्रश्न असतो. जर मनात कुठेतरी कालवाकालव झाली तर ही गाडी कव्हरखालीच राहू दे, अधूनमधून लवासाला फिरवून आण, आणि रेससाठी दुसरी एखादी फेअरिंग फुटकी, कागदपत्रं नीट असलेली आर१५ बघ, बाजारात खूप आहेत. जिच्यावर जीव आहे ती गाडी वाचवायला माणूस ट्रॅकवर अंग आखडून चालवतो आणि त्यानेच पडतो, हे मी पॅडॉकमध्ये कितीदा पाहिलंय. बघवेल म्हणालास तर मग पुढचं वाच. आणि तेव्हाही हे लक्षात ठेव की एकदा ट्रॅकची केली की ती ट्रॅकचीच. शनिवारी आरसे काढायचे, सोमवारी परत लावून हिंजवडीला जायचं, असं करत राहिलं की बोल्ट हरवतात, आटे जातात, वायरिंग तुटतं. आरसे-इंडिकेटर काढलेली गाडी रस्त्यावर कायद्यातही बसत नाही. काढलेले पार्ट एका खोक्यात चिठ्ठ्या लावून ठेव, आरसी बुक सांभाळ, बस.

आता तो ६२ चा पिस्टन. तुझ्या गॅरेजवाल्याचा हेतू चांगला असेल, पण जरा हिशोब बघ. तुझ्या इंजिनाचा बोर (सिलिंडरचा व्यास) ५७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) ५८.७, म्हणून १४९.८ सीसी. ६२ चा पिस्टन टाकला की १७७ सीसी होतात. नॅशनल चॅम्पियनशिपचा नोव्हिस क्लास १६५ सीसीपर्यंतचा आहे आणि तोही स्टॉक, म्हंजे इंजिन कंपनीतून आलं तसंच. म्हंजे ज्या क्लाससाठी तू गाडी तयार करतोयस त्याच क्लासमधून पैसे खर्च करून बाहेर पडणार. ६० चा टाकतो म्हणाला तरी १६६ च्या जवळ जातं, तेही नाहीच. शिवाय आर१५ चा सिलिंडर डायासिल आहे, म्हंजे पूर्ण ॲल्युमिनियमचा, आत लोखंडी स्लीव्ह नाहीच. जुन्या स्प्लेंडरसारखा तो लेथवर बोर करून मोकळं होता येत नाही, त्यात स्लीव्ह बसवावी लागते, ती नीट बसली नाही तर उष्णता बाहेर जात नाही आणि चेन्नईच्या हवेत सातव्या लॅपला पिस्टन जॅम. रेस चालू असताना मागचं चाक लॉक झालं तर काय होतं ते सांगायला नको. कंपनीने त्यात फोर्ज्ड पिस्टन दिलाय, त्याला हात लावू नको. ५८ हजार किमीच्या इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट करून घे, व्हॉल्व्ह क्लिअरन्स सेट कर, टायमिंग चेनचा आवाज ऐक, क्लच प्लेटा माप. ऑइल पीत असेल, निळा धूर येत असेल तर रिंगा-व्हॉल्व्ह सील बघ आणि कंपनीच्याच मापात काम कर. इंजिनावर एवढंच.

मग पैसा कुठे घालायचा? गाडी थांबण्यात आणि सरळ राहण्यात. जुनी गाडी रस्त्यावर ठीक वाटते कारण रस्त्यावर आपण तिच्याकडून काही मागतच नाही. ट्रॅकवर दर लॅपला पूर्ण जोराने ब्रेक, तो परत परत, आणि तुझ्या व्ही२ ला एबीएस नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, वर्षानुवर्षं बदललेलं नसेल तर तापल्यावर उकळतं आणि लिव्हर थेट हँडलला टेकतो. त्यामुळे सील न तोडलेली डॉट ४ ब्रेक ऑइलची नवीन बाटली आणायची, अर्धी राहिलेली कपाटातली नाही, आणि पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक पूर्ण ब्लीड करायचे, म्हंजे जुनं ऑइल आणि अडकलेली हवा काढून टाकायची. पुढचा रबरी होज एवढ्या वर्षांचा आहे, तो दाबाने फुगतो, त्याजागी स्टीलची जाळी असलेली लाइन टाक, लिव्हरमध्ये जो फरक पडेल तो तुला पार्किंगमध्येच कळेल. कॅलिपर उघडून पिस्टन आणि पिना साफ करून घे, वर्षभर उभ्या गाडीचा कॅलिपर चिकटलेला असतोच. डिस्कची जाडी मोज, कमीत कमी किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं. पॅड चांगले घे, इथे काटकसर नको.

मग कोनसेट, म्हंजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे ने, मधोमध कुठे खटका लागला, खाचेत बसल्यासारखं झालं, तर कोनसेट गेलाय. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे ढकलली की ठक वाजतं का तेही बघ. रस्त्यावर तुला ते कधी जाणवलं नसेल पण १०० च्या वर कललेल्या गाडीत हँडल डुलायला लागलं की जाणवेल. तसंच स्विंगआर्मचे बुश, दोन्ही चाकांचे बेअरिंग. फोर्कचं ऑइल कदाचित एकदाही बदललं नसेल, ते काळं पाणी झालेलं असेल, ऑइल सीलसकट बदल. मागचा मोनोशॉक दाबून सोडल्यावर गाडी दोनतीनदा उसळत असेल तर त्यातलं डॅम्पिंग संपलंय. गाडी पूर्वी कधी जोरात आपटली असेल तर फ्रेम आणि चाकं एका रेषेत आहेत का ते दोरी लावून तपास, हे सगळ्यात आधी तपास खरं तर, कारण फ्रेम वाकडी असेल तर बाकीचा सगळा खर्च वाया.

टायरवर चार आकडे असतात, २३१९ लिहिलं असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. पार्किंगमध्ये उभ्या गाडीचे टायर खाच भरपूर असूनही दगड झालेले असतात, नख टोचून बघ. ट्रॅक डेसाठी (रेस नाही, नुसतं ट्रॅकवर चालवायचा दिवस) रस्त्याचेच चांगले मऊ कंपाउंडचे रेडियल चालतील, पण रेससाठी घ्यायचे असतील तर आधी त्या वर्षीचे रेग्युलेशन्स वाच, टायरचा नियम त्यात असतो. चेन-सॉकेट पूर्ण सेट नवीन टाक. तुटलेली चेन इंजिनाची केस फोडू शकते आणि मग तुझं तेल मागच्या वीस जणांच्या वाटेत.

हे तेलाचं नीट समजून घे, कारण स्क्रुटिनीचा, म्हंजे रेसआधीच्या गाडीच्या तपासणीचा, अर्धा भाग याच भोवती फिरतो. ट्रॅकवर तू एकटा नसतोस, तुझ्या गाडीतून जे सांडेल त्यावर दुसरा पडतो. म्हणून इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिलर कॅप, फिल्टर कव्हर यांना लॉकवायर लावावी लागते, म्हंजे बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून स्टीलची तार ओवून पिळायची, बोल्ट सैल झाला तरी निघून पडत नाही. ब्रीदरच्या, म्हंजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला डबा जोडायचा. फेअरिंगचा खालचा भाग सांडलेलं तेल धरून ठेवेल असा हवा. रेडिएटरमधलं ग्लायकॉलवालं कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण ग्लायकॉल डांबरावर सांडलं की साबणासारखं निसटतं आणि धुऊनही पटकन जात नाही (परत घरी आल्यावर मात्र कूलंट भर, नुसत्या पाण्याने आतून गंज धरतो). साइड स्टँड, आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, मागचे फूटरेस्ट, सगळं काढायचं, लाइटच्या काचा काढायच्या किंवा टेप लावायची. लिव्हरच्या टोकाला गोळा शाबूत हवा, हँडलची टोकं बंद हवीत, किल स्विच चालला पाहिजे आणि ॲक्सिलरेटर हातातून सोडला की आपोआप खटकन बंद झाला पाहिजे. जुन्या गाडीची केबल आतून गंजलेली असते, ती इथेच अडकते, केबल स्वस्त असते, नवीनच टाक.

अंगावरच्या गिअरवर वाद घालत नाही. लेदरचा एकसंध सूट, किंवा दोन भागांचा असेल तर कमरेला पूर्ण चेन असलेला, पाठीचा प्रोटेक्टर, मनगट झाकणारे ग्लोव्ह, घोट्याच्या वर जाणारे बूट, फुल फेस हेल्मेट ईसीई मार्कचं (युरोपियन सुरक्षा मानक), आणि एकदाही न आपटलेलं. तुझ्या गाडीला बाजारात जेवढे पैसे येतील त्यापेक्षा हे सगळं महाग पडेल आणि तसंच असायला हवं. बजेट कमी असेल तर रेस सहा महिने पुढे ढकल, सूट पुढे ढकलू नको.

आता सुरुवात कुठून. थेट रेसची एंट्री भरू नको. आधी ट्रॅकवरच्या रेसिंग स्कूलमध्ये जा, शक्य असेल तर त्यांच्याच गाडीवर. मी तुला दोन पर्याय सुचवेन. एक चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ज्याला आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, ३.७ किमीचा, १२ वळणांचा. दुसरा कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, साधारण दोन किमीचा, जो करिवर्धन यांच्या नावाने आहे, ज्यांनी आपल्या देशात स्वस्तातल्या सिंगल सीटर रेस कार बनवल्या. पहिल्यांदा शिकायला मला कारी जास्त आवडतो कारण छोटा आहे, वळण लवकर परत येतं, १५० सीसीची गाडी तिथे जिवंत वाटते. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटचा मोह धरू नको, पाच किमीहून लांब आहे, एक पट्टा तर किलोमीटरचा, तिथे तू नुसता टाकीवर झोपून वाट बघत बसशील.

आणि ३७ वय म्हणून संकोच करू नको. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा, तो शोलावरमच्या जुन्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर रेस भरवायचा तेव्हापासून नोकरी-धंदा करणारी माणसं स्वतःच्या रस्त्यावरच्या गाड्या घेऊन उतरत आलीत. नोव्हिस ग्रिडवर अठरा-वीस वर्षांची पोरं तुझ्या पुढे जातील, जाऊ दे. तुझं काम पहिल्या रेसमध्ये एवढंच की आपली लाइन धरायची, अचानक इकडेतिकडे व्हायचं नाही, म्हंजे ओव्हरटेक करणाऱ्याला अंदाज येतो, आणि गाडी शेवटपर्यंत आणायची.

स्कूल झाली, एकदोन ट्रॅक डे झाले, तुझे लॅप टाइम एकमेकांच्या जवळ यायला लागले, की मग एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) कॉम्पिटिशन लायसन्स काढ, त्याला मेडिकल सर्टिफिकेट आणि ब्लड ग्रुप लागतो, आणि ते त्या वर्षापुरतंच असतं त्यामुळे डिसेंबरमध्ये काढून काही फायदा नाही. झेंडे पाठ कर, झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. त्यातला एक तुझ्यासारख्या जुन्या गाडीवाल्याने खास लक्षात ठेवावा: काळा झेंडा मध्ये केशरी गोळा, सोबत तुझा नंबर, म्हंजे तुझ्या गाडीत बिघाड दिसतोय, काहीतरी गळतंय किंवा लोंबतंय, लाइनमधून बाजूला हो आणि ट्रॅक सोड. तेव्हा अजून एक लॅप पूर्ण करू वगैरे विचार नाही. लाल-पिवळे पट्टे म्हंजे पुढे घसरडं आहे.

गाडी चालवत चेन्नईला नेऊ नको, जरी तुझ्या वाकडवरून जाणारा एनएच ४८ सरळ बेंगळुरूवरून त्याच ट्रॅकच्या दाराजवळून जातो तरी. साडेअकराशे-बाराशे किमी चालवून थकलेला माणूस आणि झिजलेला टायर घेऊन ट्रॅकवर जायचं नसतं, आणि पडलास तर परत कशी आणणार? रेल्वे पार्सलने पाठव, पेट्रोल टाकी पूर्ण रिकामी करून, आरसीची कॉपी देऊन, किंवा पुण्यातले अजून तिघेचौघे शोध आणि मिळून एक पिकअप करा. सोबत लिव्हरचे जोड, गिअर लिव्हर, फूटरेस्ट, क्लच केबल, प्लग, पॅड, दोन वेळचं ऑइल आणि टायरचा प्रेशर गेज ने. शनिवारच्या प्रॅक्टिसनंतर प्रत्येक नट-बोल्टवर पाना फिरव. सिंगल सिलिंडर गाडी रेव्ह लिमिटरवर दिवसभर चालली की सगळं सैल व्हायला लागतं.

राहिलं तुझ्या बायकोचं. ती काय म्हणाली ते तू एका ओळीत लिहिलंस, पण मला तो पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटला. तिला "काही होत नाही गं" असं सांगू नको, कारण होऊ शकतं आणि ते तिला माहितीये. तिला आकडे दाखव, किती खर्च, वर्षाला किती वीकेंड. गाडीच्या इन्शुरन्समध्ये रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग धरत नाहीत हे सांग, आणि तुझ्या हेल्थ पॉलिसीत नि टर्म प्लॅनमध्ये मोटरस्पोर्टबद्दल काय लिहिलंय ते दोघं मिळून वाचा, गरज असेल तर वेगळं अपघाती कव्हर घ्या. आणि जमलं तर पहिल्या स्कूलला तिला घेऊन जा. ट्रॅकवरची ॲम्ब्युलन्स, डॉक्टर, प्रत्येक वळणावर उभे मार्शल, वळणाबाहेरची मोकळी जागा हे तिने स्वतः बघू दे, म्हंजे ताम्हिणीपेक्षा हे किती वेगळं आहे ते तिला तुझ्या सांगण्यावरून ठरवावं लागणार नाही. त्यानंतरही ती नको म्हणाली तर तिचं कारण पूर्ण ऐकून घे, मध्येच गाडीचं कौतुक सुरू करू नको.

या रविवारी सकाळी गाडी कव्हरमधून काढ, पॅडॉक स्टँडवर (चाक उचलून धरणारा स्टँड) घे, कोनसेट, चाकांचे बेअरिंग आणि फ्रेम बघ, टायरवरचे चार आकडे लिहून घे. फ्रेम सरळ निघाली तर ब्रेकपासून काम सुरू कर. वाकडी निघाली तर गॅरेजवाल्याला एक रुपयाही देऊ नको, मला कळव, आपण दुसरी आर१५ बघू.